मामांचे पिंजरे पाण्याबाहेर

१५ सप्टें.
उजाडायच्या आत पाण्यात. पस्तीस पिंजरे उचलले, निम्मे रिकामे. धरण काठोकाठ भरलंय, झिंगा पांगलाय. वर आले ती ओल्या साडीनेच वजनकाट्यावर बसले. सचिवबाई ना मी. प्रत्येकाची टोपली उलटायची, अंडेवाल्या शोधायच्या. पोटाखाली अंडी असली की ती मादी परत पाण्यात, हा संस्थेचा नियम. तीन वर्षांपूर्वी ठराव मीच लिहिला, आता रोज हजार पोटं उलटून बघते. पाठ गेली.
आज पांडूमामांच्या टोपलीत अकरा निघाल्या. पांडूमामांच्या! यांचे सख्खे मामा. लग्न होऊन आले तेव्हा मला पिंजरा टाकायला त्यांनीच शिकवलं. अंडेवाली हाताला लागली की न बघता सोडणारा माणूस.
म्हणाले, "घाईत राह्यल्या असतील, पोरी."
रजिस्टरात त्यांच्या नावापुढे खूण केली. संस्थेतलाच दिगंबर टोपली घेऊन मागेच उभा होता.

१८ सप्टें.
पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलतेय. हळद-तेल लावलं. झिंगे घेऊन हे धामणगाव बढ्याच्या बाजाराला गेले, गाडी वाटेत बंद पडली. निम्मा माल मऊ पडला. कुणावर चिडायचं?

२२ सप्टें.
मामांच्या टोपलीत परत नऊ. दुसरी खूण.
दिगंबर सगळ्यांसमोर बोलला. "मागच्या साली माह्या तीन खुणा झाल्या तं महिनाभर पिंजरे बाहेर होते. तवा तुमी नाई म्हणल्या वहिनी, का घाईत राह्यल्या असतील म्हणून."
खरं होतं. त्याची नोटीस मीच लिहिली होती. त्याची बायको तेव्हा बाळंतीण.

२६ सप्टें.
मामी गेल्यापासून मामा आमच्याच ओसरीत राहतात. जेवायला वाढताना विचारलं, "मामा, टोपली नीट पाहत जा ना. मले लय अवघड होते."
"पाह्यतो ना. काय आंधळा हाय का मी?"
भाकरी अर्धी टाकून उठले. इतकं चिडायचं काय कारण? मलाच वाईट वाटत राहिलं. ढेपेचे गोळे वळायचे होते पिंजऱ्यांत आमिष ठेवायला, तेही तसेच राहिले.

२९ सप्टें.
तेवीस.
तिसरी खूण. रविवारी सभा लावली. हे म्हणाले, "म्हातारा माणूस हाय, सोडून दे." म्हटलं, मग दिगंबरला काय तोंड दाखवू? तर म्हणे तू आणि तुझी संस्था.
मामा लोभी झाले असतील का? म्हातारपणी होतं म्हणतात. मन घेत नाही. पण तेवीस.

१ ऑक्टो.
आज त्यांच्या तराफ्यावर गेले. नको नको म्हणत होते. माझी दोरी तुटली, तुमच्यासोबत येते, असं खोटंच सांगितलं.
वल्हवताना मामा ओठात काहीतरी पुटपुटत होते. आधी वाटलं देवाचं नाव. नंतर कळलं, आकडे. वल्हं किती वेळा मारलं ते मोजत होते. थांबले, आणि पाण्यात हात फिरवत राहिले. पिंजऱ्याच्या दोरीला खुणेसाठी बांधलेली त्यांची हिरवी बाटली हातभर अंतरावर तरंगत होती. मी बोलले नाही. सापडली तेव्हा दोरीची गाठ ओठांना लावून पाहिली. ओठांना!
पिंजरा वर आला. मी त्यातली एक मादी उचलली, पोट अंड्यांनी गच्च हिरवं. त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.
"मामा, हे ठेवू का सोडू?"
"ठेव. चांगली मोठी दिसते."
मी ती सोडून दिली. टपकन आवाज झाला. मामांना कळलं. वल्हं आडवं ठेवून बसून राहिले.
मग सांगितलं. मोतीबिंदू. श्रावणात बुलढाण्याला दाखवून आले होते, आम्हाला सांगितलं होतं पुतणीकडे जातो. साखर लय वाढलेली. ती उतरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करत नाही. साखरेनंच बोटंही मेली. "चिमटा घेतला तरी समजत नाई. म्हणून ओठानं पाह्यतो."
मी म्हटलं, सभेत सांगते सगळं. तुम्ही चोर नाही म्हणून सांगते.
माझा हात धरला. "चोर म्हण मले. आंधळा म्हणू नको. चोर महिनाभरानं पाण्यावर येते. आंधळ्याले कोण येऊ देईन?"
नियम आहे तसा. ज्याला दिसत नाही त्यानं एकट्यानं पाण्यावर जायचं नाही. तोही माझ्याच अक्षरात.

२ ऑक्टो.
दसरा. आपट्याची पानं द्यायला दिगंबर आला, मामांच्या पाया पडला. मामांनी त्याच्या डोक्याच्या जरा बाजूला हात ठेवला. मला हे आता सगळं दिसतं. आधी काऊन दिसलं नाही? एका छपराखाली राहते मी.
चहा बिनसाखरेचा दिला. नाक मुरडून प्याले.

३ ऑक्टो.
सकाळी मी काट्यावर, मामा मला न सांगता तराफा घेऊन गेले. नऊच्या सुमारास वारा सुटला. सगळे काठाकडे यायला लागले आणि मामा उलटे, सांडव्याकडे. जोरजोरात वल्हवत. मी बोंबलले, वाऱ्यात काय ऐकू जाणार.
दिगंबर परत फिरला. त्यांचा तराफा आपल्याला बांधून ओढत आणला. ओठ निळे पडलेले मामांचे. घोंगडीत बसवलं.
दिगंबर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, त्याईनं मले सुरेश म्हणून हाक मारली. दोनदा."
सुरेश म्हणजे हे. दिगंबर सहा फूट, काळा. हे कुठे!
"तुमाले मालूम होतं?"
हो म्हणून मान हलवली.
"मंग रविवारी काय लिवता?"
मामांच्या अंगावरची घोंगडी सारखी केली.

५ ऑक्टो., रविवार
सभा झाली. सोयाबीनची सोंगणी चालू, तरी चौदाजण आले. सगळ्यांना ऐकायचं होतं. रजिस्टर उघडून बसले. रात्री ठरवलं होतं, खरं सांगायचं. बुडाले असते परवा. सचिव म्हणून नाही, सून म्हणून सांगायचं.
मी तोंड उघडायच्या आत मामा उभे राहिले. भिंतीला हात लावून.
"ठेवल्या म्या अंडेवाल्या. तिन्ही खेपेले. हावरटपणा केला. नियमात जे असन ते करा."
कुणीतरी हळूच म्हणालं, मामा तुमी बी? मामांची मान खाली गेली नाही.
मी दिगंबरकडे पाहिलं. तो माझ्याकडे. तो एक वाक्य बोलला असता तर सगळं उघड झालं असतं. म्हणाला, "महिनाभर पिंजरे बाहेर. माह्यं झालं तसंच. बाकी मले काई बोलाचं नाई." आणि उठून बाहेर गेला.
मी लिहिलं. 'सभासदाने जाणूनबुजून नियमभंग केल्याचे सभेत मान्य केले.' जाणूनबुजून. माझ्या हाताने लिहिलं.

६ ऑक्टो.
मामांचे चाळीस पिंजरे दिगंबरनेच उचलून आणले, कुणी न सांगता. अंगणात रचले. शेवाळाचा वास घरभर.

१४ ऑक्टो.
चक्कीवर दोघी बोलत होत्या, मी आहे हे न बघता. म्हातारपणी काय दुर्बुद्धी सुचली म्हणे, आणि सचिवबाईनं घरचं माणूस म्हणून आधी झाकलं म्हणे. पीठ घेतलं आणि आले. सांगणार कुणाला?
मामांना रोज बांधापर्यंत चालवते. हात धरू देत नाहीत. मी पुढे खोकत चालते, ते खोकल्यामागे येतात.

२१ ऑक्टो.
दिवाळीचं काही केलं नाही फारसं. करंज्या मामांपासून लपवून ठेवल्या. त्यांना वासाने कळलं. "एक दे वं." नाही दिली. रुसले लहान पोरासारखे.
दिगंबरची बायको फराळाचं ताट घेऊन आली. मामांसाठी वेगळी वाटी, बिनसाखरेचा चिवडा. म्हणजे तिलाही माहीत. कुणालाच बोलली नाही मात्र.

२५ ऑक्टो.
बुलढाण्याला नेलं. साखर उतरलीय, पण डॉक्टर म्हणाले अजून पुरेशी नाही. तीन आठवड्यांनी या. ऑपरेशन झालं तरी किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही, मागच्या पडद्यालाही साखर लागलीय. मामा सगळं ऐकत होते. एसटीत खिडकीपाशी बसले, धाड गावापर्यंत तोंडावर वारा घेत. तिथे गाडी थांबली तेव्हा एवढंच विचारलं, "पाच तारखेले बंदी उठते ना?"

३० ऑक्टो.
झिंगा बरा लागतोय. थकवा मात्र जात नाही. पिंजरे आणि काटा, एकटीने दोन्ही कामं ओढायची.
मामा दिवसभर ओसरीत बसून पिंजरे दुरुस्त करतात. बांबूच्या कामट्या ओठाने तपासतात, ओठ फाटलेत. आज म्हणाले, "पोरी, यंदा दोरी लाल आन. लाल रंग थोडा दिसते मले."
दिगंबरला विचारलं, तुझ्या तराफ्यावर मामांना सोबत घेशील का. म्हणाला, "मी घेईन वहिनी. ते बसतीन का?"
धामणगाव बढ्याहून लाल दोरी आणली आहे. धान्याच्या कोठीमागे ठेवली. अजून मामांना सांगितलं नाही, दोरीचंही नाही, दिगंबरचंही नाही. बंदी उठायला सहा दिवस आहेत.