मामांचा कावळा आणि फ्लोटची पातळी

जयनगर, बेंगळूर
सोमवार, भर दुपार

ती. विद्याअण्णास,

रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. त्या आठ अंगांपैकी एक अंग, म्हणजे उजवी पोटरी, सध्या हळदीच्या लेपात बांधलेली असल्यामुळे उरलेल्या सातांनी केलेला नमस्कार गोड मानून घ्यावास. पुण्यात तुझी प्रकृती उत्तम असेलच. बापाच्या दहाव्याला 'रजा नाही' अशी तार ठोकणाऱ्या माणसाची प्रकृती उत्तमच असावी लागते. (हे टोचून लिहिलेलं नाही. म्हणजे आहे, पण थोडंच. इथल्या भाषेत स्वल्प.) मामी बरी आहे. तुझी तार मी वाचून दाखवली तेव्हा तिनं ती घडी करून कनवटीला खोचली आणि भात लावायला गेली. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पत्र मुद्दाम दुपारी लिहितोय. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही हे तू जाणतोसच, पण तो न ठेवणं उजेडात जास्त सोपं जातं.

दहाव्याची हकिकत तुला कुणी कळवली नसणार. तुझ्या जागी भाच्यानं, म्हणजे मीच, डोकं भादरून घेतलं आणि तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे म्हणशील तर रग्गड. समोरच्या झाडावर नुसता बाजार भरला होता. पण एक शिवेल तर शपथ! मामीला आम्ही सांभाळू म्हणून सांगितलं, ढिम्म. घर विकणार नाही म्हटलं, ढिम्म. आमच्या कल्पनानं हात जोडून, बारशाच्या वेळचा रुसवा मी सोडला, असं जाहीर केलं. (कावळ्यांवर परिणाम शून्य, मीच चमकलो, लग्नाला एवढी वर्षं झाली आणि बायकोचा मामांवर रुसवा होता हे मला त्या तळ्यावर कळलं.) ऊन असं की माझ्या नव्या टकलावर धिरडं निघालं असतं. गुंडूभटजींना दुसऱ्या यजमानाकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेवढ्यात मला मामांची मोटारसायकल आठवली. मी म्हणालो, मामा, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी तुम्ही ठेवलीत तीच राहील, कुणाच्या बापाला हात लावू देणार नाही. तसा एक थोराड कावळा खाली उतरला. पिंडाजवळ आला, एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे पाठ करून बसला. अण्णा, मामा चिडले की खुर्ची फिरवून अगदी अस्सेच बसायचे. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भटजींचा हातसुद्धा दर्भावर थांबला.

मग मात्र माझं टाळकं फिरलं. पोटात अन्नाचा कण नाही, तळव्यांना चटके बसतायत, आणि वर हा मानपान! मी ओरडूनच म्हणालो, बरं, तुमची नको तर नको, विद्याअण्णाची पातळी लावतो, तो म्हणत होता तीच, झालं? वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं गर्रकन वळून पिंडाला चोच मारली. ज्या पातळीपायी तुम्ही बापलेक सहा वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत, तिच्यावर मामा माघार घेत होते, आणि तीही मेल्यावर. मला रडूच फुटलं. लोकांना वाटलं भाच्याची माया. खरं म्हणजे मला तुम्हा दोघांचाही राग आला होता.

(कल्पना खांद्यावरून वाचते आहे, तिच्यासाठी खुलासा. कार्बोरेटरला एक लहानशी वाटी असते. तिच्यात फ्लोट, म्हणजे पितळेचा पोकळ डबा, पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल हवं तेवढं चढलं की डबा सुईला वर ढकलतो आणि भोक बंद. पेट्रोल कुठवर चढू द्यायचं, ती पातळी. जास्त झाली तर पेट्रोल सांडतं, कमी झाली तर इंजिन उपाशी मरतं. विद्याअण्णानं डिप्लोमा घेऊन आल्या आल्या पुस्तकात बघून सुईच्या बैठकीखाली तांब्याची चकती घातली आणि पातळी वर आणली. मामांचं म्हणणं, पुस्तक छापलं विलायतेत समुद्राकाठी, आपण राहतो तीन हजार फुटांवर, इथली हवा पातळ, पेट्रोल कमीच पाहिजे. त्यांनी चकती उपटून गटारात भिरकावली. माझ्या घरात पेट्रोल माझ्या हुकमानं चढेल, असं म्हणाले. अण्णानं बॅग उचलली. एवढ्यावर घर मोडलं बघ. कल्पना म्हणते, आमच्याकडे निदान सोन्यावरून भांडतात.)

तर मामांना शब्द देऊन बसलो. तो पाळला नाही तर माणूस अडकून राहायचा, आणि अडकणार कुठं, तर आमच्याच व्हरांड्यात. पण तुझी ती चकती किती जाडीची, ते तुला ठाऊक आणि गटाराला ठाऊक. मी जाड चकती घालून पाहिली, पेट्रोल बुटात उतरलं. पातळ घातली, किकनं उलटी लाथ घातली, तीच ही पोटरी. शेवटी कलासिपाळ्याला यल्लाप्पा मिस्त्रीकडे ढकलत नेली. त्यानं फ्लोट कानाशी हलवून ऐकला, सुई उजेडात धरून बघितली, सगळं सरी आहे सार, म्हणजे ठीक आहे, म्हणाला. आणि परत येताना लक्षात आलं की ते सरी नाही. गाडीचं तोंड घराकडे केलं की फुर्र करून बंद. ऑफिसकडे केलं की बंद. उत्तरेला वळवली की मांजरासारखी गुरगुरत चालू! मी तसाच मागे जाऊन यल्लाप्पाला विचारलं, रस्त्याच्या उतारानं वाटीतलं पेट्रोल कलंडत असेल काय? तो म्हणाला, असेल सार. आणि दुकानाची फळी लावून घेतली. अजून चार वाजले नव्हते.

आता कालचं. काल रविवार. जेवण झाल्यावर मी ठरवलं, बघू तरी ही बया जाते कुठं. वळेल तिकडे वळू दिली. मला वाटतं, हँडल मी धरलं होतं एवढंच. बाजार मागे पडला, मल्लेश्वर मागे पडलं, कुठं आचका नाही, खोकला नाही. यशवंतपूर स्टेशनाबाहेर मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत गेली आणि कुणी गळा दाबावा तशी गप्प झाली. भर दुपार, पण स्टेशनावर चिटपाखरू नाही. टांगेवाले झोपलेले. तापलेलं इंजिन टिक टिक करत होतं तेवढाच आवाज. इतक्यात स्टेशनासमोरचा कॉफीवाला शिवाप्पा (नाव मागाहून कळलं) खाली मान घालून आला, न मागता वाफाळलेला पेला टाकीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, गाडी इन्नू बंदिल्ला, यजमानरे. गाडी अजून आली नाही, मालक.

मी म्हटलं, कुठली गाडी? त्यानं मान वर केली, माझं तोंड बघितलं, आणि अण्णा, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही. दोघं एकमेकांना घाबरलो. मग तो बाकावर बसला आणि बोलायला लागला. दर रविवारी मामा तिथं यायचे. मोटारसायकलवर बसूनच कॉफी घ्यायचे, पुण्याकडची गाडी रिकामी होईपर्यंत फाटकाकडे बघत राहायचे. शेवटचा उतारू गेला की पाने काढायचे, फ्लोट उघडायचे, फुंकर मारायचे, पुन्हा बसवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, पातळी तपासतोय. (आम्हाला घरी सांगत, इंजिन गरम करून येतो. सहा वर्षं गरम करत होते.) गेले काही रविवार का आले नाहीत, असं शिवाप्पानं मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं माझ्यासमोरचा पेला उचलून नेला आणि कॉफी झाडाच्या बुंध्याशी ओतली.

मग गाडी आली. माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, एक नवरी उतरली. मी मूर्खासारखा एकेकाचं तोंड बघत होतो. कुणाला शोधतोय ते मला ठाऊक नव्हतं. शेवटचा उतारू फाटकाबाहेर पडला आणि मी किकला पाय लावला मात्र, पहिल्याच दणक्यात चालू! भीमरूपी म्हणत घर गाठलं, वाटेत एकदाही बंद पडली नाही. दारात मामी उभी होती. मला म्हणाली, आला? मी विचारलं, कोण? ती आत निघून गेली.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मोटारसायकलला यातलं काय सांगायचं ते मला उमजत नाही.

तुझा
रत्नाकर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तेवढी चकतीची जाडी उलट टपाली कळव. तसलीच एखादी हाताशी असली तर पाकिटात घालून पाठव, म्हणजे मी बसवतो, शब्दातून सुटतो, आणि मामाही सुटतील.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी मामीनं पत्र वाचायला लावलं. कावळ्याच्या गोष्टीपर्यंत आल्यावर हसायला लागली. दहाव्यापासून पहिल्यांदा हसली, अण्णा. म्हणाली, अरे खुळ्या, कावळा तुझ्या फ्लोटला शिवला होय? तू ओरडत होतास तेव्हा मी मनात म्हणत होते, मी आणते विद्याला घरी, आता जा तुम्ही. चारचौघांत मोठ्यानं कसं म्हणायचं, आणि तो आलाच नाही तर तोंड कुठं लपवायचं, म्हणून मनातच म्हणाले. एवढं बोलून हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. तेव्हा शब्द माझा नव्हे, तिचा आहे.

ता. क. तिसरा. चकती टपालानं पाठवू नकोस. येत्या रविवारी मोटारसायकल यशवंतपूर स्टेशनाबाहेर उभी असेल. मी नाही म्हटलं तरी ती जाणारच आहे.