ती आमच्याबरोबर नाही

१३ नोव्हेंबर १९६४, शुक्रवार

काय बोलून बसले मी आज!

सिनेमाला गेलो होतो — हे, मी आणि वरच्या मजल्यावरची झुलेखा. तिचा नवरा रफीक दूर मंगफला तेलकंपनीच्या कामावर, इथली शुक्रवारची सुट्टीही त्याला नाही. म्हणून तिला मीच ओढून नेलं. बाल्कनीत फॅमिलीवाल्यांच्या रांगा. नेमकी आमच्या पुढे ह्यांच्या बँकेतल्या साहेबांची बायको! मी पदर सारखा केला, ताठ बसले.

झुलेखा सिनेमा बघत नाही, त्यात शिरते. हरवलेलं पोर पडद्यावर रस्त्याने निघालं तशी ही ओरडली, "अरे, आई मागंच उभी हाय, वळून बघ!" लोक हसले. खालून शिट्ट्या. मग मायलेकरांची चुकामूक झाली आणि ही जी रडायला लागली — मयताच्या घरी रडावं तशी. चारी बाजूंनी "शूऽऽ, शूऽऽ!"

साहेबांची बायको वळली. इंग्रजीत विचारलं, "ही तुमच्याबरोबर आहे?"

"नो," मीही इंग्रजीतच म्हणाले. "ओळखत नाही मी हिला."

झुलेखा माझ्या शेजारी! तिने भाजून आणलेल्या कलिंगडाच्या बिया माझ्या ओंजळीत!

 घरी आल्यावर, "डोकं दुखतंय गो," म्हणून सरळ वर गेली.

१४ नोव्हेंबर

हे म्हणाले, "बरं केलंस. साहेबांच्या बायकोसमोर कसली शोभा!"

मी चहा मोरीत ओतला.

१७ नोव्हेंबर

झुलेखा खाली आलेली नाही. एरवी रोज दुपारी येते — आधी जिन्यातून हाक, मग ती. आज मीच वर गेले. दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "निजलेय गो."

भरदुपारी? तिला कळलंय. इंग्रजी येत नसलं म्हणून काय — "नो" कुणाला कळत नाही!

टायफॉइडमध्ये मला पेज भरवली ती हिनेच. हे तेव्हा ऑफिसात.

२० नोव्हेंबर

शेजारची सुगरा विचारत होती, "तुमचं दोघींचं काही बिनसलंय का?" मी म्हटलं, छे!

मला आता हे सहन होत नाही.

२१ नोव्हेंबर

गेले वर. सगळं सांगून टाकलं. हात धरून माफी मागितली.

झुलेखा माझ्याकडे बघतच राहिली. "कधी म्हणालीस तू असं?"

"अगं, तिने मागे वळून विचारलं तेव्हा."

"मला वाटलं, ती माझी विचारपूस करतेय. एवढी मोठी बाई! रफीकला पण कौतुकाने सांगितलं मी."

तिला काहीच कळलं नव्हतं! या अल्ला, मीच सांगितलं!

"मग खाली का येत नव्हतीस?"

"बरं नव्हतं," म्हणाली. हात सोडवून घेतला. माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं, ते तिने चहा न करताच उतरवलं.

२९ नोव्हेंबर

झुलेखाला दिवस गेलेत. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर! सुगराकडून कळलं.

"तुला तर तिने सगळ्यात आधी सांगितलं असेल," सुगरा म्हणाली.

मी हो म्हणाले.