वरणभात खाणारा केंड

३ नोव्हेंबर, रविवार

गेला एकदाचा संकेत पुण्याला, कंपनीच्या ट्रेनिंगला! आणि माझ्या गळ्यात काय बांधून गेला — तर ही खाऱ्या पाण्याची टाकी! "आई, जपशील ना?" बायकोला जप म्हणाला नाही.

मासा कुठला, तर केंड! आमच्या देवगडला केंड जाळ्यात आला की गाबित शिव्या घालून फेकून देतात. जाळी कुरतडतो मेला, आणि विषारी, खाताही येत नाही. लेकानं तो विकत आणला! वर त्याला एसी. मी पंखा वाढवला की सून ऋचा विचारते, "आई, एवढं उकडतंय?"

रोज त्याला कोळंबी द्यायची. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीत लपवलीय. घरमालक बालाजीराव वरच राहतात ना — तंजावूरचे मराठी, कडक शाकाहारी. घर देतानाच बजावलंय, मासे-मटण आणलंत तर घर खाली करा. तेव्हापासून इथे मासा चाखला नाही मी. आणि हा माझ्यादेखत कोळंबी हादडतो! वर काचेला थोबाड लावून बघतो, आमच्या गावच्या तलाठ्यासारखा — अजून काही आहे का?

५ नोव्हेंबर

बालाजीराव हल्ली रोज संध्याकाळी टाकीपुढे येऊन बसतात. त्यांची मराठी ऐकली की वाटतं माझे पणजोबाच बोलतायत, मधेच तमिळमध्ये. केंडाचं नाव ठेवलंय एकोजी, त्यांच्या तंजावूरच्या पहिल्या मराठी राजाचं!

आज विचारलं, "बाई, हा जेवतो काय?"

"वरणभात," मी म्हटलं. "तूप लागतं वरनं."

पटलं त्यांना! ऋचा स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती.

६ नोव्हेंबर

वाटीत दहीभात घेऊन आले! एकोजीनं थुंकून टाकला. "तुम्ही वरणाची सवय लावली त्याला," म्हणून माझ्यावरच रागावले. टाकीतली शितं वेचायला मीच.

९ नोव्हेंबर

वरचा फ्रिज बिघडला. जयवंतीअक्का, म्हणजे बालाजीरावांची बायको, इडलीचं पीठ आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला आल्या. जिन्यात त्यांची चाहूल लागली मात्र, ऋचानं कोळंबीची पिशवी उचलून मागच्या कचऱ्यात! "आई, मागचं घर तुमच्या बांगड्यांच्या वासानं गेलं! हे गेलं तर अड्यारमध्ये दुसरं कोण देणारे?"

बांगडा एकच होता.

आता अक्का दिवसभर येऊन फ्रिज उघडतात. ऋचा नवी कोळंबी दारात येऊ देत नाही. दुकानातला सुका दाणा घातला — एकोजीनं हुंगला आणि पाठ फिरवली. नखरे तरी किती!

१२ नोव्हेंबर

अजून उपाशी. कोपऱ्यात पडून असतो. काचेशी येत नाही.

१३ नोव्हेंबर

संकेत फोनवर — "आई, कोळंबीच लागते त्याला. जाईल गं तो." ऋचा — "जाऊ दे, घर तरी राहील." दोघांचंही बरोबर, आणि मधे मी! कुणाला झोडू?

संध्याकाळी बालाजीराव आले. काचेला बोट लावून "पापम... पापम..." करत बसले, म्हणजे तमिळमध्ये बिच्चारा. मग म्हणाले, "बाई, ह्याला कुणाची दृष्ट लागली." हात जोडून मीठ-मोहऱ्या मागायला लागले, ओवाळून टाकायला.

मला राहवेना. म्हटलं, "राव, दृष्ट नाही. हा आमच्यासारखाच आहे. कोळंबी खातो. वरणभाताच्या मी थापा मारल्या."

उठले. चपला घातल्या. जिना चढून गेले.

ऋचा रडतेय. मोबाईलवर घरं बघतेय. तिला हसवायला गेले — जमलं नाही.

१४ नोव्हेंबर

बालाजीराव सकाळपासून घरात नाहीत. अक्का दोनदा विचारून गेल्या. "वकिलाकडेच गेले असणार," ऋचा म्हणते. मी भांडी बांधायला काढलीत.

१४, संध्याकाळ

बसनं पार शहराबाहेर, कोवलमच्या कोळीवाड्यात गेले होते! इथल्या बाजारात ओळखीचं कुणी बघेल म्हणून! हात लांब करून धरलेली पिशवी, नाकाला उपरणं. किती लागते ते ठाऊक नाही, म्हणून पिशवी कोळंबीनं गच्च भरून. एकोजीनं कचाकचा खाल्ली.

"उरलेल्या कोळंबीचं काय करू?" मी विचारलं.

जिना चढता चढता म्हणाले, "अक्काला घेऊन गिंडीला मेव्हण्याकडे जातो. जेवूनच येतो. खिडक्या उघड्या ठेवा."