पहिल्या रांगेतला फोन

१२ जून
उतरता उतरता विमान पुन्हा वर घ्यावं लागलं! धावपट्टी ढगात बुडालेली, विमान माझ्या हातात, आणि शेजारून कॅप्टन एकदम ओरडले, "सुई भरकटतेय! वर घे!" सुई म्हणजे धावपट्टीची दिशा दाखवणारी. माझ्यासमोरची तर जागची हलली नव्हती. पण काकांचा शब्द — घेतलं वर. (कॅप्टनना आम्ही सगळे काकाच म्हणतो.) दुसऱ्या खेपेला नीट उतरलो.

पहिल्या रांगेतली एक बाई तेव्हा फोनवर बोलत होती म्हणे. हटकलं तर रडायलाच लागली, "आईचं ऑपरेशन चाललंय हो!" काकांनी ठरवूनच टाकलं — फोनमुळेच झालं.

१३ जून
यंत्रं तपासली. सगळं ठणठणीत. कँटीनमध्ये काकांची टर उडवणं चालू — "फोनने विमानं भरकटायला लागली तर आपण केव्हाच वर गेलो असतो!" मीही हसले. मग ताट तसंच सरकवून उठले.

१५ जून
खरं लिहू? मला वाटतं, काकांना नीट दिसत नाही. हल्ली मेन्यूकार्ड हातभर लांब धरतात. परवा जिन्यात पायरी चुकली. फोन हे निमित्त! मी गप्प बसले आणि उद्या मागे एवढी माणसं घेऊन त्यांनी — नको, विचारच नको. पण ज्यांनी मला उडायला शिकवलं त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा? डोकं नुसतं भणभणतंय.

१७ जून
चौकशी झाली. सांगून टाकलं — सुई स्थिर होती. त्यांच्या डोळ्यांचंही मी बोलले. काका समोरच होते. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे बघत राहिले.

१८ जून
काकांचं उड्डाण बंद.

२१ जून
त्यांनी राजीनामाच दिला! डोळे तपासायलाही गेले नाहीत. आज मी त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी दार उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. काका मात्र — "अगं, तोंड काय पाडून बसलीस? तुला मीच तयार केलंय. तुला स्थिर दिसली म्हणजे स्थिरच असणार. मलाच भास झाला." वर पाठीवर थाप! मला रडू आवरेना. पण मी केलं ते बरोबरच. बरोबरच केलं!

२४ जून
त्या बाईवर कारवाई करायची की नाही हे ठरेना, म्हणून आज इंजिनिअरांनी त्याच विमानात, पहिल्या रांगेत बसून फोन लावला. उजवीकडची, माझी सुई ढिम्म. डावीकडची, काकांची — तिचं यंत्र वेगळं, त्याच्या तारेचं वेष्टण आत कुठेतरी झिजलेलं — फोन लागताच भरकटली. मी त्या दिवशी त्यांच्या बाजूला पाहिलंच नव्हतं.