मिठाचं पाणी

वरसे, रोहा
१६ नोव्हेंबर

ती. आईस,

शकूचा नमस्कार. मी इथे बरी आहे. तूही बरी असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुला वाचता येत नाही, आणि अमोल पत्र हातात धरून नुसता बसून राहील. म्हणजे हे किमयाच वाचणार. किमया, मोठ्याने वाच गो. आजीला समोर बसव. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर आजी दुसऱ्या वाक्याला रडते आणि चौथ्याला फोन ठेवते. तू मात्र हातात घेतलेलं पान पुरं केल्याशिवाय खाली ठेवत नाहीस.

आई, इथलं सांगते. खोली हवेशीर आहे, पाणी सकाळी तासभर येतं. पेणचं हॉस्पिटल मी सोडलं, तर माझी बदली झाली असं तू आपल्या गावात, जोह्यात, सांगत फिरतेस, ते कानावर आलं. खाजगी हॉस्पिटलात कसली बदली. पण सांग, तुला सांगायची सवयच आहे.

इथेही नर्स म्हणून मला कॅज्युअल्टीच मिळाली, तातडीचे पेशंट आधी आमच्याकडेच येतात. गेल्या मंगळवारी खांब गावचा काळुराम म्हणून एक कामगार आणला. पाणी समजून बाटलीतलं सॉल्व्हंट प्यायला होता. त्याचे दोन सोबती बाटली घेऊनच आत आले. काय प्यायला, किती, कधी, ओकारी काढली नाय, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. पंधरा मिनिटांत त्याला काय हवं ते मिळालं. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. जाताना म्हणाला, बाई, घसा जळतो अजून. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून रडले. कशासाठी रडले ते तुला कळेल, तू काही भोळी नाहीस.

आता श्रावणातल्या त्या सोमवाराचं लिहिते. बाहेर सगळ्यांना एवढंच माहीत आहे की अमोलची नमिता गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करताना चुकून थिनर प्यायली आणि चौथ्या दिवशी ती गेली. पोलिसांनीही तेवढंच लिहून घेतलं. मधल्या चार तासांचं कुणी विचारलं नाही. तू विचारू दिलं नाहीस, आणि मीही गप्प बसले.

दुपारी एक वाजता शेजारच्या हिरामणच्या टेम्पोतून तुम्ही तिला आणलंत. आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी नावगाव विचारत नाहीत. बोलतो का, श्वासाची वाट मोकळी आहे का, छाती दोन्हीकडे सारखी वर येते का, नाडी कशी, हातपाय गार आहेत का, शुद्ध किती, हे बघायचं. हे मी झोपेतही करीन. माझी भावजय असली तरी त्याच क्रमाने सगळं बघितलं. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी होता, ओठ काळे पडत होते. मास्क लावला आणि तुला विचारलं, काय झालं, पोटात काय गेलं, उलटी झाली का. एकदा नाही, तीनदा विचारलं.

तू म्हणालीस, "काय खाल्लं नाय गो, सोमवार हाय ना, उपाशी होती. उलटी नाय काय नाय, चक्कर आली." डॉक्टरांनी धाप कशाने लागली विचारल्यावर वर आणखी जोडलंस, तिच्या माहेरी दमा आहे म्हणून. धडधडीत खोटं. तिच्या सात पिढ्यांत कुणाला दमा नाही. सून काहीतरी प्यायली म्हटलं तर पोलीस येतील, कारखान्याला कुलूप लागेल, सीझनच्या मूर्ती अडकतील. तुझ्या डोक्यात हे चाललं होतं आणि खाटेवर नमिता हवेसाठी तडफडत होती.

मग आम्ही दम्याचं औषध देत बसलो आणि सलाईन लावलं. मधे एकदा तिने मास्क ओढून खाली घेतला आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. तू पुढे झालीस आणि मास्क परत तिच्या तोंडावर दाबून बसवलास. मला त्या वेळी वाटलं, सासू असावी तर अशी. आई, तो तुझा हात मला रोज दिसतो.

पाच वाजता श्वासनलिकेत नळी घालावी लागली. नवी मुंबईला नेताना, पनवेलच्या पुढे, अमोलला रडू फुटलं आणि त्याने सगळं ओकून टाकलं. थिनरची बाटली, आणि घरी तू काय केलंस तेही.

हे सगळं मी पोटातच ठेवलं असतं. पण भाऊबीजेला आले. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून अमोलला ओवाळलं नाही, नुसती भेटून निघणार होते. किमयाने पाणी पिण्याआधी ते ओंजळीत ओतून हुंगलं. मग मागच्या पडवीत मला ओढून नेऊन विचारलं, "आत्या, बाटली मी ठेवली म्हणून आई गेली ना? आजी बोलली."

बारा वर्षांच्या पोरीला तू हे सांगितलंस. स्वतःच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला तुला तेवढंच डोकं सापडलं. तुला लाज नाही वाटली?

किमया, आजी आता म्हणेल, बस कर, ठेव तो कागद. ठेवू नकोस.

बाटली तू ठेवलीस हे खरं आहे. पाण्याच्या बाटलीत थिनर बाबाने ओतलं होतं. तू पसारा आवरताना ती तुझ्या आईच्या पाटाजवळ नेऊन ठेवलीस. आई गणपतीचे डोळे आखत होती. तिने मान वर न करता एक घोट घेतला आणि थुंकली. तेवढ्यावर राहिलं असतं तर घसा जळला असता, खोकला झाला असता, काळुरामसारखी ती घरी आली असती. डॉक्टर म्हणतील, एवढं छातीठोक सांगता येत नाही. मी सांगते.

आजीने तिला तीन पेले मिठाचं पाणी पाजलं आणि घशात बोटं घालून ओकारी काढली. थिनर पोटातून वर येताना ओकारीबरोबर छातीत उतरतं आणि फुप्फुसं जाळतं. आई त्याने गेली. आणि आजी खोटं बोलली त्यात चार तास गेले, त्याने गेली.

आता माझं. नमिताच्या तोंडाला थिनरचा वास येत होता. दुसऱ्या कुठल्याही नर्सला तो दारातच आला असता. पण आई, तुझ्या पदरालाही तोच वास, अमोलच्या शर्टालाही. मी त्या वासात वाढले, मला तो वास वाटतच नाही. केसपेपरवर ‘उलटी नाही’ असं माझ्याच अक्षरात आहे.

अजून एक राहिलं, ते लिहायला मला तीन महिने लागले. आई, मिठाचं पाणी तू तुझ्या मनाने पाजलं नव्हतंस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना आपल्या अंगणात हळदीकुंकवाला साऱ्या बायकांपुढे उभी राहून मीच सांगितलं होतं, विषारी काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजा, ओकारी काढा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू शेवटच्या रांगेत पदराने डोळे पुसत होतीस. दुसऱ्या वर्षाला बाईंनी शिकवलं की रॉकेल, थिनर, ॲसिड गेलं असेल तर ओकारी मुळीच काढायची नाही. ते सांगायला मी परत आले नाही. टाळ्या घेतल्यावर चुकले म्हणायची लाज वाटली. तू मात्र माझा शब्द न् शब्द धरून ठेवलास.

उद्या पेणला जाऊन पोलिसांत हे सगळं लिहून देणार आहे. तुझं आणि माझंही. माझी नोकरी जाईल, तुझी जोह्यात मान खाली जाईल. जाऊ दे.

किमया, तुझं नाव त्यात कुठेही नाही. वाचून झालं की कागद घडी घालून तुझ्या दप्तरात ठेव, आजीकडे देऊ नकोस. आणि आई, ती रडत असेल तर तिला पाणी दे. साधं दे.

तुला मिठाचं पाणी शिकवणारी,
तुझी शकू