दोर कापण्याआधी

एकोडी, ता. साकोली
२७ ऑगस्ट १९७२

चि. इश्वरला जिजाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जाळी सांधायला म्हणून इंग्लंडच्या बंदरावर ठेवलेला माणूस थेट मासेमारीच्या जहाजावर चढला, हे वाचून मी धसकलेच. तुला पाण्याची एवढी हौस कधीपासून? इथे तलावाच्या पाळीवर राखणीला बसवलं की घोरणारा तू!

भैयाजी गुरुजींनी साकोलीहून पेपर आणला. किनाऱ्यापासून पन्नास मैलांपर्यंतचं पाणी आपलं, असं आइसलँड देशाने जाहीर केलंय. इंग्लंडने हेगच्या मोठ्या कोर्टात दावा लावला आणि कोर्टाने तूर्त इंग्रजांच्या जहाजांना अडवू नका असा हुकूम दिला. म्हणजे स्टे मिळाला, असं गुरुजी म्हणाले. आईने लगेच शेजारी गूळ वाटला.

मला मात्र धीर येत नाही. आपल्या तलावात ठेकेदाराने मासे धरू नयेत, असा स्टे बाबांच्याही ट्रंकेत होता. तरी ठेकेदाराची माणसं डोंगे वल्हवत यायचीच, आणि बाबा विळ्याने त्यांच्या जाळ्यांचे दोर कापायचे. तिकडचे लोक कोर्टाचं ऐकतील का, ते खरं खरं लिही.

आमची आठवण असेल तर पत्रात खाडा करू नकोस.
तुझी जिजाताई


हल बंदर, इंग्लंड
८ ऑक्टोबर १९७२

ती. जिजाताईला इश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

ऐकत नाहीत, ताई. ते कोर्टात हजरच झाले नाहीत. त्यांची करड्या रंगाची गस्तीची बोट आमच्या मागून आडवी जाते, पाण्यात सोडलेल्या आकड्याने जाळ्याचा दोर कापते आणि निघून जाते. जाळी अशी फाटतात म्हणून तर सांधणाऱ्याला बरोबर नेतात.

दोर म्हणजे आपला अंबाडीचा नव्हे, पोलादी. ताणलेला असताना तुटला की उलटा डेकवर येतो. वाटेत माणूस सापडला तर संपलंच. बोट दिसली की आमचे गडी कठड्याशी उभे राहून शिव्या घालतात, कोळसे फेकून मारतात. मीही उभा राहतो. भीती वाटते ताई, फार वाटते. आईला हे वाचून दाखवू नकोस.

आणखी एक मनात सलतं. त्यांचा देश एवढासा, मासे संपले तर ते खातील काय? बाबा करायचे तेच ते करताहेत. इथे ठेकेदाराचा माणूस मीच आहे. करार पुढच्या वर्षाअखेरपर्यंतचा, मधे सोडता येत नाही.

परवा देवमासा दिसला, आपल्या घरापेक्षा लांब. आईला तेवढंच सांग. भाऊजींना नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा इश्वर


एकोडी
२० नोव्हेंबर १९७२

चि. इश्वरला जिजाताईचे आशीर्वाद. वि. वि.

देवमाशाने आई फसली नाही. वाचताना माझा आवाज कुठे अडला ते तिने बरोबर हेरलं आणि सगळं पत्र पहिल्यापासून वाचायला लावलं. मग चुलीतला जाळ मागे ओढला. आणि म्हणाली, त्याले लिव, बोट मागं आली का उभा राहू नोको, खाली बस. तुमचा बाप दोर कापाच्या आंधी हाक देत होता, खाली बस रे, म्हून. दोर सुटला का डोंगा हालते, उभा मानूस पान्यात जाते. मला इतकी वर्षं वाटायचं, बाबा नुसते दरडावतात. एवढ्या वर्षांत कोणाचा जीव गेला नाही, तो त्या हाकेमुळे.

हे कळल्यापासून मला दुसरीच धास्ती बसली आहे. बाबांनंतर पाळीवर तुझे भाऊजी जातात. घरजावई म्हणून गाव हसतं, तो राग ते दोरावर काढतात. हाक देत नाहीत. मी बोलले, तर म्हणाले, चोराले कायले सांगाचं?

जिवाला जप. आमचा जीव तुझ्यातच आहे.
तुझी जिजाताई


हल बंदर
३० मार्च १९७३

ती. जिजाताईला इश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

जिवंत आहे, हे आधी लिहितो.

मंगळवारी ती बोट मागून आली. तीनदा भोंगा वाजवला. गड्यांना ती मस्ती वाटली. मला आईचं बोलणं आठवलं. मी मटकन खाली बसलो आणि शेजारच्या टॉमचा पाय ओढून त्यालाही पाडलं. त्याने तोंडभर शिवी हासडली. ती पुरी व्हायच्या आत दोर आमच्या डोक्यावरून सणाणत गेला. आम्ही उभे होतो तिथला लोखंडी कठडा पार वाकला. टॉमचा एक दात पडला, तेवढंच.

तेव्हापासून सांधायची सुई धरवत नाही. तरी सोमवारी जहाज पुन्हा निघतं. कोर्टाचा निकाल कधी, ते कोणालाच माहीत नाही.

तो भोंगा मस्तीचा होता की हाक होती, मला ठाऊक नाही. मी हाक समजलो म्हणून वाचलो. माझ्या वतीने भाऊजींच्या पाया पड आणि सांग, चोर असो की कोणी, हाक दिल्याशिवाय दोर कापू नका.

आशीर्वाद कमी पडू देऊ नका.
तुझा इश्वर


एकोडी
२२ एप्रिल १९७३

चि. इश्वरला जिजाताईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या भाऊजींनी स्वतः दोनदा वाचलं. परवा सकाळी ठेकेदाराचे डोंगे आले, तेव्हा मीही यांच्या मागोमाग पाळीवर गेले. यांनी पाळीच्या खुंटाला बांधलेल्या जाळ्याच्या दोराला विळा लावला, थांबले आणि ओरडले, खाली बस रे! डोंग्यातला माणूस दचकून बसला. मग दोर कापला. डोंगा डुचमळला, पण माणूस आतच राहिला. दोन्ही हातांनी काठ धरून तो आमच्याकडे बघत होता, आणि मला त्याच्या जागी तूच दिसलास. तिथेच पदर तोंडाशी धरून रडले.

आई आता निकालाचं विचारत नाही. तुझा समुद्र इथून हजारो कोस दूर आहे, हे तिला कितीदा सांगितलं. तरी दिवस कलला की ती पाळीवर जाते आणि पाण्याकडे तोंड करून ओरडते, खाली बस रे इश्वर, खाली बस. गावाला वाटतं, रेवताबाईचं डोकं फिरलं. कालपासून मीही तिच्या शेजारी उभी राहून ओरडते.

बसत जा, बाळा.
वाट पाहणारी,
जिजाताई