बाळ नसताना दूध

मंगळ., ४ मार्च
ऑफिसात पुन्हा ब्रा ओली. घोडबंदरच्या जॅममधून कल्याणला घरी पोचेपर्यंत बॅग छातीशी धरलेली. दाबलं तर पांढरं. दूधच. पाळी कधीची बंद, डोकं रोज ठणकतं, आणि आता हे. निखिलशी साखरपुडा झालाय, लग्न मेमध्ये. मूल व्हावं असं आजवर काही घडलेलंच नाही.

गुरु., ६ मार्च
आईला धुण्यात डाग दिसले. दार लावून हळूच विचारलं, "कितवा महिना?" जन्मापासून ओळखते ही मला. मेडिकलमधून किट तिनेच आणलं. निगेटिव्ह. तर म्हणे, "ही किटं चुकतात." दुसरं आणलं. तेही निगेटिव्ह. माफी वगैरे काही नाही. जेवले नाही.

सोम., १७ मार्च
नौपाड्यातल्या हॉर्मोनवाल्या डॉक्टरबाईंकडे रक्ताचे आणि एमआरआयचे रिपोर्ट दाखवले. मेंदूच्या तळाशी मटाराएवढी ग्रंथी, तिच्यात बारकी गाठ. कॅन्सर नाही. बाई म्हणाल्या, "दुधाचा हुकूम या ग्रंथीतून सुटतो. एरवी मेंदू तिला आवरून धरतो. गाठ त्याचं ऐकत नाही. शरीराला वाटतंय बाळ झालं, म्हणून पाळीही थांबवली." आठवड्यातून दोनदा गोळी. बहुतेकींची गाठ आकसते.
आई शेजारीच बसलेली, सगळं ऐकत. रिक्षात तिचं पहिलं वाक्य: "निखिलला बोलू नकोस. मेंदूचं नाव काढलं की लग्न मोडतं."
म्हणजे पोटात काही नाही हे कळलं, तरी लपवायचंच.

गुरु., २० मार्च
गोळीने मळमळ, चक्कर. आईने लिंबूपाणी दिलं, पाठीवरून हात फिरवायला लागली. हात बाजूला केला. तिचा चेहरा उतरला. वाईट वाटलं, पण राग जास्त.

शनि., २२ मार्च
तलावपाळीला निखिलला सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "मूल होईल ना आपल्याला?"
म्हटलं, पाळी सुरू झाली की बहुतेक अडचण नसते, डॉक्टर म्हणाल्यात.
"बरं. घरी काय सांगू?"
डोकं दुखतं का, एवढं तरी विचारायचंस रे.

रवि., २३ मार्च
दुपारी निखिलच्या आईचा फोन, आईच्या मोबाईलवर. आई गॅलरीकडे निघाली. मी वाट अडवून उभी राहिले. "इथेच बोल. स्पीकरवर टाक." रिंग वाजत राहिली. शेवटी टाकला तिने.
पलीकडून, "ताई, एकट्याच आहात ना?"
मी म्हटलं, "मीपण आहे. बोला."